बेसबॉलमधली सगळ्यात भारी लिंबूटिंबू चॅम्पियन टीम कोणती?

नवखा_प्रेक्षक

मंडळी, मी बेसबॉल बघायला लागून दोन सीझन झाले. नियम बऱ्यापैकी डोक्यात बसलेत (इनफिल्ड फ्लाय सोडून, तो दर वेळी कळल्यासारखा वाटतो आणि पुढच्या मॅचला परत सुटतो). परवा एका मित्राशी वाद झाला. तो म्हणे २०१९ च्या वॉशिंग्टन नॅशनल्ससारखी गोष्ट बेसबॉलमध्ये दुसरी नाही, ५० मॅच झाल्या तेव्हा १९ जिंकलेल्या, ३१ हरलेल्या, आणि तीच टीम ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, घेऊन गेली. मी म्हटलं अरे मग ती टीम मुळात चांगली होती की वाईट? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

म्हणून इथे विचारतोय. ज्यांना सुरुवातीला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं अशा टीम्समध्ये तुमच्या मते सगळ्यात भारी कोणती? आणि प्लीज नुसतं नाव टाकून पळू नका, नेमकं काय झालं ते सांगा. हायलाइट्समध्ये होमरन दिसतो आणि लोक नाचताना दिसतात, त्याच्या आधीचं काहीच कळत नाही.

पहाटेचा_अलार्म

तुमच्या मित्राच्या बाजूने मी. २०१९ च्या सगळ्या प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) मॅच मी लाइव्ह बघितल्यात, दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेंगत बसायचो, तेव्हा थोडा पक्षपाती आहे हे आधीच कबूल करतो.

आधी पार्श्वभूमी. त्या सीझनच्या आधी त्यांचा हिरो ब्राइस हार्पर टीम सोडून फिलाडेल्फियाला गेला, १३ वर्षं, ३३ कोटी डॉलर. लोक म्हणाले संपलं. मग २३ मेपर्यंत १९-३१, मेट्सकडून सलग चार मॅच हरून आलेले, आणि मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला काढा म्हणून बोंबाबोंब सुरू. त्याला काढलं नाही. जूनमध्ये हेरार्डो पारा नावाचा एक राखीव खेळाडू, बॅट चालत नव्हती म्हणून त्याने मुलीच्या आवडीचं ते लहान मुलांचं शार्कचं गाणं स्टेडियममध्ये आपल्या एंट्रीला लावलं, आणि थोड्याच दिवसात अख्खं स्टेडियम हातांचे जबडे करून टाळ्या वाजवायला लागलं. मोठी मोठी माणसं, टायवाली. सीझन संपेपर्यंत ९३-६९. म्हणजे त्या १९-३१ नंतर ७४ जिंकल्या आणि ३८ हरल्या.

आता मजा बघा. प्लेऑफमध्ये पाच मॅच अशा आल्या की हरले तर थेट घरी. पाचही मॅचमध्ये ते एकदा तरी मागे होते. पाचही जिंकले.

पहिली वाइल्ड कार्डची (गटात पहिले न येता प्लेऑफमध्ये शिरायची वाट), मिलवॉकीविरुद्ध, तेव्हा एकाच मॅचचा निकाल असायचा. आठव्या इनिंगला १-३ ने मागे आणि समोर बॉल टाकायला पिचर जॉश हेडर, ज्याचा बॉल त्या वर्षी लोकांना दिसत नव्हता. बेसेस फुल, म्हणजे तिन्ही बेसवर आपली माणसं, बॅटिंगला हुआन सोटो, वय वर्षं २०. त्याने राइट फील्डला साधा सिंगल मारला, दोन रन आले असते, पण तिथल्या फील्डरच्या ग्लोव्हखालून बॉल सटकला आणि तिघेही आत. ४-३. तो बॉल अडला असता तर आज आपण हा विषय काढला नसता.

मग डॉजर्स, १०६ मॅच जिंकलेली टीम. पाचव्या मॅचला १-३ ने मागे, आठव्या इनिंगला त्यांच्या पिचर क्लेटन कर्शॉला लागोपाठ दोन बॉलवर दोन होमरन, आधी रेंडन मग सोटो. डगआउटमध्ये (मैदानाकडेला टीम बसते तिथे) एकटा बसलेला कर्शॉ दाखवत होते ना, मला नॅशनल्स जिंकायला हवे होते तरी ते बघवेना. दहाव्या इनिंगला हॉवी केंड्रिकचा ग्रँड स्लॅम (बेसेस फुल असताना होमरन, एकदम चार रन), ७-३. वय ३६ त्या माणसाचं. सेंट लुइसला ४-० ने उडवलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, एकतर्फी.

आणि वर्ल्ड सिरीज ह्यूस्टनशी. १०७ मॅच जिंकलेले. पहिल्या दोन मॅच ह्यूस्टनच्या घरी जाऊन जिंकल्या, मग स्वतःच्या घरी तिन्ही हरले, तीन मॅच मिळून रन फक्त तीन, मग परत ह्यूस्टनला जाऊन दोन्ही जिंकल्या. सातही मॅच पाहुण्या टीमने जिंकल्या, असं त्याआधी कुठल्याच सात मॅचच्या फायनलमध्ये झालेलं नव्हतं.

त्यातही मॅक्स शर्झरचं प्रकरण. पाचव्या मॅचच्या दिवशी सकाळी त्याची मान एवढी धरली की बिछान्यातून उठता येईना, कपडे घालायला बायकोची मदत लागली. इंजेक्शन घेतलं आणि तीन दिवसांनी सातव्या मॅचला हा बाबा पिचिंगला उभा. पाच इनिंग. प्रत्येक इनिंगला बेसवर कुणी ना कुणी होतंच, प्रत्येक वेळी वाटायचं आता गेली मॅच, पण दोनच रन दिले. दुसरीकडे ह्यूस्टनचा पिचर झॅक ग्रिंकी सहा इनिंग एक हिट देऊन निवांत. सातव्याला रेंडनचा होमरन, एक वॉक (चार चुकीचे बॉल टाकले की फुकट पहिला बेस), पिचर बदलला, आणि केंड्रिकने विल हॅरिसचा बाहेरचा खालचा बॉल राइट फील्डच्या रेषेवरून असा मारला की तो थेट फाउल पोलच्या (हद्द दाखवणारा उभा खांब, त्याला लागला तर होमरन) जाळीवर. तो आवाज अजून कानात आहे, टण्ण. दोन फूट इकडेतिकडे झाला असता तर फाउल. ३-२, मग ६-२. वॉशिंग्टनला आधीचं जेतेपद १९२४ चं.

जुनी_तिकिटं

वरचा प्रतिसाद छान, मजा आली वाचून, पण लिंबूटिंबू कुणाला म्हणायचं हो? शर्झर २१ कोटी डॉलरच्या करारावर, बाकीचे दोन मोठे पिचर, स्ट्रासबर्ग साडेसतरा कोटींच्या, कॉर्बिन १४ कोटींच्या. ही टीम लिंबूटिंबू नव्हती, श्रीमंत घरातलं पोर सहामाहीत नापास झालं आणि वार्षिकला पहिलं आलं, एवढंच.

लिंबूटिंबू म्हणजे १९६९ चे न्यूयॉर्क मेट्स. विषय संपला.

नाही, संपला नाही, सांगतेच.

मेट्स जन्मले १९६२ मध्ये. पहिल्या वर्षी १२० मॅच हरले. एकशे वीस. पुढची सहा वर्षं पण तीच रड, सातही वर्षं मिळून दहा टीम्सच्या लीगमध्ये पाच वेळा दहावे आणि दोन वेळा नववे. लोक त्यांच्यावर प्रेम करायचे ते कसं, तर घरातल्या धांदरट मुलावर करतात तसं. १९६८ ला गिल हॉजेस मॅनेजर झाला, शांत माणूस, मोठ्याने बोलायचा नाही. त्या वर्षी ७३-८९, आणि ती त्यांची तोपर्यंतची सर्वोत्तम कामगिरी!! १९६९ चा पहिला सामना माँट्रियल एक्स्पोजशी, ती टीम त्या दिवशी आयुष्यातली पहिली मॅच खेळत होती, आणि मेट्स त्यांच्याशी १०-११ ने हरले.

त्यांच्याकडे होतं काय तर दोन तरुण पिचर. टॉम सीव्हर आणि जेरी कूसमन. सीव्हर कसा मिळाला ते ऐका. अटलांटाने त्याच्याशी केलेला करार नियमात बसत नाही म्हणून कमिशनरने रद्द केला, मग विचारलं की तेवढ्याच पैशात कुणाला हवाय का, तीन टीम्सनी हात वर केला आणि टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. मेट्सची निघाली. १९६६ ची गोष्ट. १९६९ ला तोच माणूस २५-७, म्हणजे पिचर म्हणून त्याच्या नावावर २५ विजय आणि ७ पराभव.

मला त्या वर्षातला सगळ्यात आवडता क्षण मात्र पिचिंगचा नाही. ३० जुलै, ह्यूस्टनविरुद्ध एका दिवसात दोन मॅच, पहिलीत धुलाई झालेली, दुसरीतही धुलाई चालू. लेफ्ट फील्डला क्लिऑन जोन्स, टीमचा सर्वात चांगला बॅटर, एका बॉलवर जरा रमतगमत गेला, थ्रोही ढिला. हॉजेस डगआउटमधून बाहेर आला. लोकांना वाटलं पिचर बदलायला आला, तर हा पिचरच्या बाजूने पुढे. शॉर्टस्टॉपला वाटलं माझ्याकडे येतोय की काय, त्यालाही ओलांडून पुढे. चालत चालत, घाई नाही काही नाही, थेट लेफ्ट फील्डपर्यंत. तिथे जोन्सशी दोन शब्द बोलला, वळला आणि तसाच चालत परत, आणि जोन्स चार पावलं मागून मान खाली घालून. पाय दुखतोय असं बाहेर सांगितलं गेलं. अख्ख्या स्टेडियमसमोर, एकदाही आवाज न चढवता. जोन्सची त्या सीझनची सरासरी ०.३४० (१०० बॅटिंगमागे ३४ हिट), म्हणजे खरंच हिरोला बाहेर काढलं होतं.

तरी ऑगस्टच्या मध्याला ते शिकागो कब्सपेक्षा १० मॅच मागे. तिथून ३८ जिंकल्या, ११ हरल्या. १२ सप्टेंबरला पिट्सबर्गविरुद्ध दोन मॅच, दोन्ही १-० ने जिंकल्या, आणि दोन्हीतला तो एकुलता एक रन पिचरच्या बॅटमधून आला!! त्यानंतर तीन दिवसांनी सेंट लुइसच्या स्टीव्ह कार्लटनने मेट्सचे १९ जण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, तो तेव्हाचा विक्रम, आणि मॅच कोण जिंकलं? मेट्स, ४-३. रॉन स्वोबोडाचे दोन होमरन, दोन्ही वेळा बेसवर एक जण. असं रोज काहीतरी व्हायला लागलं की समोरची टीम मैदानावर यायच्या आधीच अर्धी खचते. शेवटी १००-६२. कब्सच्या आठ मॅच पुढे.

वर्ल्ड सिरीजला समोर बाल्टिमोर ओरिओल्स, १०९ जिंकलेले, बॅटिंगला दोन रॉबिन्सन, बूग पॉवेल, पिचिंगला क्वेलर, मॅकनॅली, पामर. पहिली मॅच हरले, सीव्हरला पहिल्याच बॅटरने होमरन मारला. लोक म्हणाले चला, झालं कौतुक. पुढच्या चारही मॅच मेट्सच्या. ओरिओल्सची अख्ख्या सिरीजची बॅटिंग सरासरी ०.१४६, एवढी गोची करून ठेवली होती पिचर्सनी. तिसऱ्या मॅचला टॉमी एजीने सेंटर फील्डमध्ये दोन अशा कॅच घेतल्या की तिथेच पाच रन वाचले. चौथ्याला स्वोबोडा, ज्याच्या फील्डिंगला लोक हसायचे, ज्याला कोच रोज तासन् तास कॅचेस द्यायचा, त्याने नवव्या इनिंगला ब्रूक्स रॉबिन्सनचा बॉल उलट्या हाताने झेप मारून घेतला. शहाणा फील्डर त्या बॉलला अंगावर घेऊन एक बाउन्स सोडतो, कारण तो सुटला असता तर मागे कुणी नव्हतं. एक रन आला पण मॅच वाचली, दहाव्याला जिंकली. सीव्हरने दहाही इनिंग टाकल्या.

पाचवी मॅच सांगायला बसले तर रात्र होईल. बुटाच्या पॉलिशचा किस्सा शोधून बघा.

आकडेमोड

दोघांचंही वाचलं. रंगवून सांगता छान, पण प्रश्न होता की टीम मुळात चांगली होती की वाईट, त्याला कुणी हातच लावला नाही.

साधा हिशोब. समजा एखादी टीम समोरच्यापेक्षा कमजोर आहे, एका मॅचमध्ये जिंकण्याची शक्यता ४५ टक्के. सात मॅचची सिरीज ती १०० पैकी साधारण ३९ वेळा जिंकते. ४० टक्के धरली तरी २९ वेळा. म्हणजे चमत्कार वगैरे काही नाही, दर दोनचार वर्षांनी हे व्हायलाच पाहिजे आणि होतंच. २००६ चे सेंट लुइस कार्डिनल्स बघा, सीझनमध्ये १६१ पैकी ८३ जिंकून चॅम्पियन. पूर्ण सीझन खेळून इतक्या कमी मॅच जिंकलेला दुसरा चॅम्पियन नाही. त्यांच्यावर धागा कुणी काढत नाही, कारण त्यात रडारड नाही.

दुसरं म्हणजे पिचिंग. सीझनच्या १६२ मॅचना पाच स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर) लागतात, वर बुलपेनची, म्हणजे मध्येच बदली येणाऱ्या पिचर्सची, सात-आठ माणसं. त्यामुळे तुमचा चौथा, पाचवा पिचर आणि कच्चं बुलपेन सहा महिने उघडं पडत राहतं. ऑक्टोबरमध्ये मध्ये सुट्ट्या असतात, दोन-तीन चांगल्या पिचर्सवर गाडी ढकलता येते. नॅशनल्सचं बुलपेन त्या वर्षी नॅशनल लीगमधलं सगळ्यात वाईट होतं. मार्टिनेझने काय केलं तर ते वापरलंच नाही फारसं. स्ट्रासबर्ग वाइल्ड कार्डला रिलीफमध्ये (मध्येच बदली येऊन) तीन इनिंग, कॉर्बिन सातव्या मॅचला रिलीफमध्ये तीन इनिंग. जे खराब होतं ते कपाटात बंद करून ठेवलं, बस्स. मे महिन्यात हे करता येत नाही म्हणून १९-३१.

तर उत्तर असं की टीमचा वरचा थर उत्तम होता आणि खालचा भिकार. १६२ मॅचना दोन्ही दिसतात, १७ मॅचना फक्त वरचा.

जुनी_तिकिटं

@आकडेमोड, सिरीजपुरतं मान्य. पण ३८-११ चं काय? त्या ४९ मॅच आहेत, सात नाहीत. तिथे सुट्ट्या नव्हत्या आणि चौथा-पाचवा पिचरपण लागत होता.

आकडेमोड

हो, ते बरोबर आहे. ४९ मॅच नशिबावर निघत नाहीत. मेट्सची पिचिंग खरोखर खोलवर होती, जेंट्री होता, कार्डवेल होता, बुलपेनमध्ये २२ वर्षांचा नोलन रायन बसलेला होता, ज्याचं नाव तेव्हा फार कुणी घेत नव्हतं. त्यामुळे मी तर म्हणेन ती टीम लिंबूटिंबू नव्हतीच, लोकांना ते कळायला सप्टेंबर उजाडला. (आता माझ्यावर धावून या.)

तिसरा_बेस

तुम्ही सगळे मेट्सचं कौतुक करताय ते करा, मी कब्सवाला आहे. लिंबूटिंबू जिंकतो तेव्हा कुणीतरी हरत असतं, ती बाजू पण येऊ द्या धाग्यावर.

आम्ही १९६९ ला पहिल्या दिवसापासून नंबर एकवर. ९ सप्टेंबरला मेट्सच्या शे स्टेडियमला मॅच चालू असताना कुठून तरी काळं मांजर मैदानात आलं, बॅटिंगची वाट बघत उभ्या असलेल्या रॉन सँटोच्या मागून गेलं, आणि आमच्या डगआउटसमोरून आरामात फिरून निघून गेलं. फोटो आहे त्याचा, सँटो बॅट घेऊन उभा आणि मांजर आपल्याच तोऱ्यात. दुसऱ्या दिवशी पहिला नंबर गेला तो गेलाच.

मांजराला काही अर्थ नाही हे मलाही कळतं. आमच्या रिग्ली मैदानाला तेव्हा फ्लडलाइट नव्हते (ते १९८८ ला आले), घरच्या सगळ्या मॅच भर दुपारी उन्हात, आणि ड्युरोशर नावाचा आमचा मॅनेजर तेच आठ जण रोज उतरवायचा. हॉजेस दोन-दोन माणसं आलटून पालटून खेळवत होता, डावऱ्या पिचरला एक, उजव्याला दुसरा, त्यामुळे त्याची टीम सप्टेंबरला ताजी. आमची पेंगत होती. एर्नी बँक्स, बिली विल्यम्स, फर्गी जेन्किन्स, सँटो, चौघे हॉल ऑफ फेममध्ये आहेत आणि चौघांपैकी एकालाही वर्ल्ड सिरीजची एक मॅच खेळायला मिळाली नाही. सँटोला तर हॉल ऑफ फेमचं बोलावणंसुद्धा तो गेल्यावर आलं.

२०१६ ला आम्ही जिंकलो, १०८ वर्षांनी, १-३ ने मागे पडून. पण तेव्हा आम्ही सीझनमध्ये सगळ्यात जास्त मॅच जिंकलेली टीम होतो, त्यामुळे इथे नाव टाकता येत नाही. जिंकलो तेही चुकीच्या वर्षी 😅

शेवटचा_बाक

कुणीच १९१४ काढलं नाही म्हणून मी काढतो. बॉस्टन ब्रेव्ह्ज. ४ जुलैला २६-४०, आठ टीम्समध्ये आठवे, पहिल्या नंबरपासून १५ मॅच लांब. तिथून ६८-१९ (!!) आणि दुसऱ्या नंबरच्या जायंट्सच्या साडेदहा मॅच पुढे. नंतर वर्ल्ड सिरीजला कॉनी मॅकच्या फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सना ४-० ने. ती टीम आधीच्या चार वर्षांत तीन वेळा चॅम्पियन झालेली, म्हणजे एकदम दादा टीम.

@आकडेमोड, इथे पण तुमचंच म्हणणं लागू होतं. चारही विजय दोनच पिचर्सच्या नावावर, रुडॉल्फचे दोन आणि बिल जेम्सचे दोन. आणि मॅनेजर जॉर्ज स्टॉलिंग्ज आउटफिल्डला हॉजेससारखंच माणसं आलटून पालटून खेळवायचा, ५५ वर्षं आधी. स्वतःचं मैदान लहान म्हणून वर्ल्ड सिरीजच्या घरच्या मॅच त्यांनी फेनवे पार्क मागून घेऊन तिथे खेळल्या, ते मला फार आवडतं. लग्न आपलं, हॉल शेजाऱ्यांचा.

उगाचच

२०११ कार्डिनल्स. ऑगस्टच्या शेवटी वाइल्ड कार्डपासून साडेदहा मॅच मागे, शेवटच्या दिवशी आत शिरले. फायनलच्या सहाव्या मॅचला टेक्सास रेंजर्सना चॅम्पियन व्हायला एक स्ट्राइक हवा होता. एकदा नाही, दोनदा, नवव्या आणि दहाव्या इनिंगला. दोन्ही वेळा निसटलं. अकराव्याला डेव्हिड फ्रीझने होमरन मारून मॅच संपवली, तो तिथलाच, सेंट लुइसच्या परिसरात वाढलेला पोरगा. मी रेंजर्सकडून होतो. यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

नवखा_प्रेक्षक

बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आकडेमोड यांचं कपाटाचं उदाहरण मित्राला जसंच्या तसं ऐकवलं, गप्प झाला.

पॉलिशचं शोधलं, पण दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी मिळाल्या. जुनी_तिकिटं, तुम्हीच सांगून टाका ना, रात्र झाली तर होऊ दे.

जुनी_तिकिटं

बरं, ऐका. १६ ऑक्टोबर १९६९, पाचवी मॅच, शे स्टेडियम. मेट्स ०-३ ने मागे, आणि त्यातले दोन रन ओरिओल्सच्या पिचरच्या, मॅकनॅलीच्या, होमरनवर आलेले.

सहाव्या इनिंगच्या वरच्या भागात, पाहुण्यांच्या बॅटिंगला, फ्रँक रॉबिन्सनच्या मांडीला बॉल लागला (असा लागला की फुकट पहिला बेस). अंपायर म्हणाला आधी बॅटला लागला, फाउल. रॉबिन्सनने आरडाओरडा केला, आत जाऊन मांडीवर औषध मारून घेतलं, काही उपयोग नाही. हे लक्षात ठेवा.

त्याच इनिंगच्या खालच्या भागात मॅकनॅलीचा एक बॉल क्लिऑन जोन्सच्या पायाशी आपटला आणि घरंगळत मेट्सच्या डगआउटमध्ये गेला. जोन्स म्हणे पायाला लागला, अंपायर लू डिम्युरो म्हणे नाही. मग हॉजेस बाहेर आला. परत तीच चाल, लेफ्ट फील्डला गेला होता तीच. हातात बॉल. भांडला नाही, हातवारे नाहीत, बॉल फक्त अंपायरसमोर धरला. बॉलवर बुटाच्या काळ्या पॉलिशचा डाग. डिम्युरोने बघितलं आणि जोन्सला पहिल्या बेसवर जायला सांगितलं. पुढचा बॅटर डॉन क्लेंडेनन, होमरन, २-३. नंतर अल वाइस नावाच्या सडपातळ माणसाने, ज्याची आयुष्यभराची सरासरी ०.२१९, होमरन मारून बरोबरी केली. शे स्टेडियमवरचा त्याचा पहिलावहिला होमरन. आठव्याला दोन रन, ५-३, खलास. शेवटचा कॅच लेफ्ट फील्डमध्ये क्लिऑन जोन्सनेच घेतला, आणि तो बॉल मारणारा डेव्ही जॉन्सन, जो १९८६ ला मेट्सचा मॅनेजर म्हणून त्यांना दुसरं जेतेपद देणार होता.

आता दोन गोष्टींचं. कूसमनने पुष्कळ वर्षांनी सांगितलं की बॉल डगआउटमध्ये आला तेव्हा हॉजेसने त्याला तो बुटावर घासायला लावला आणि मग बाहेर घेऊन गेला. टीममधल्या बाकीच्यांनी वेगळं सांगितलंय. जोन्स स्वतः शेवटपर्यंत म्हणतोय की मला लागला होता. हॉजेसला विचारायची सोय नाही, तो १९७२ मध्येच गेला, वयाच्या ४७ व्या वर्षी.

तिसरा_बेस

म्हणजे आमच्यासमोर मांजर काळं, त्यांच्यासमोर पॉलिश काळं.

आकडेमोड

घासला असेल तर ती माहिती माझ्या ४५ टक्क्यांत धरलेली नाही.

नवखा_प्रेक्षक

मित्राला क्लिप पाठवली. तो म्हणतो ही सरळसरळ चीटिंग आहे, नॅशनल्सनी असलं काही केलं नाही. मी क्लिप चार वेळा बघितली, त्या माणसाच्या चालण्यावरून काहीच कळत नाही.